धुळ्याची टेप, जळगावचं मशीन

आता आधार म्हटलं की लोक पाकिटातून कार्ड काढतात. आमच्या ऑफिसात आधार म्हणजे माणूस होता. आधार उखर्डू बिऱ्हाडे, राहणार असोदा, नोकरी जळगाव, काम टेप ऑपरेटर. वर पाच-सहा लेकरं जगली नाहीत म्हणून आजीनं त्याच्या बापाचं नाव, नजर लागू नये असं, उकिरड्यावरून उखर्डू ठेवलं, आणि त्या बापानं मुलाचं नाव आधार. मी त्याला आधारभाऊ म्हणायची, तो मला अक्का. वयानं मी थोडीशीच मोठी, पण मी सावद्याची, तोंडानं तिखट, त्यामुळे सगळ्या ऑफिसची अक्का झाले होते. मला चालायचं.

आमचं ऑफिस विहिरी मोजायचं. हसू नका, खरंच. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव माणसं जायची, विहिरीत फीत सोडायची, पाणी किती खोल गेलं ते लिहून आणायची. जळगावचे आकडे आम्ही चार बाया दिवसभर टाइप करायचो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास पुण्याच्या मुख्य ऑफिसनं दोन्ही ठिकाणी कॉम्प्युटर दिले. कुठल्या तरी मोठ्या कारखान्यांनी टाकून दिलेले, जुने, कपाटाएवढे. आणि दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे. दिले म्हणजे दिले, एकमेकांचं त्यांना कळतं की नाही हे बघायची कोणाला गरज वाटली नाही. मुलामुलीची पसंती न विचारता लग्न लावून द्यावं, तसला प्रकार.

धुळ्याचे आकडे तिकडच्या मशीनवर टेपवर भरले जायचे. टेप म्हणजे गाण्याची कॅसेट नाही, जेवणाच्या ताटाएवढं चाक. ते चाक गोल डब्यात घालून एसटीच्या पार्सलनं पारोळा, एरंडोल करत जळगावला यायचं, आणि इथे आधारभाऊ ते आमच्या मशीनवर लावायचा. मग दोन्ही जिल्ह्यांचं मिळून एकच छापील बाड पुण्याला. परतीच्या डब्यातून आमचीही एखादी टेप नक्कल म्हणून धुळ्याला जायची.

मशीनच्या खोलीत एसी. बाहेर मे महिन्यात डांबर पायाला चिकटतंय, कावळे झाडाखाली चोच उघडी टाकून बसलेत, आणि हा माणूस आत काचेमागे हातानं विणलेला तपकिरी स्वेटर घालून उभा. अख्ख्या जळगावात उन्हाळ्यात स्वेटर घालणारा हा एकटाच. आईनं विणलेला होता. आई, द्रौपदाबाई, असोद्याला त्याच्याजवळ असायची. ती गेली आणि घरात तो एकटा राहिला. लग्न झालं नव्हतं. का, ते मी एकदा विचारलं तर म्हणाला, "राहून गेलं अक्का." जशी काही किराणा दुकानातली काडेपेटी राहून गेली.

डबासुद्धा तो आतच खायचा. नवीन होता तेव्हा आमच्यात येऊन बसला होता, पहिल्याच दिवशी. एका शहाण्यानं आपला डबा उचलला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. बोलला काही नाही, नुसता उठला. आधारभाऊनं झाकण लावलं, आत गेला, आणि मग कधीच बाहेर येऊन जेवला नाही. मी चारदा बोलावलं. "आतच बरं वाटतं अक्का, गार असतं." त्या शहाण्याचं नाव मी घेत नाही, माझं तोंड विटाळेल.

तर हा माणूस दिवसभरात बोलायचा किती? आला की "आलो अक्का" नाही, निघाला की "येतो अक्का" नाही. पण धुळ्याचा फोन आला की बघावं. फोन आमच्या देवरे साहेबांच्या टेबलावर. साहेब हाक मारायचे, "बिऱ्हाडे, धुळे." मग हा काचेचं दार ढकलून जवळजवळ पळत यायचा, स्वेटरसकट, आणि रिसीव्हर कानाला लावून म्हणायचा, "जय भीम भाऊ." आवाजच वेगळा. आमच्याशी बोलताना हा आवाज कुठे ठेवतो, असं मला वाटायचं.

पलीकडे गुलाब अहिरे. धुळ्याच्या मशीनवरचा माणूस. त्याचा आवाज इतका खणखणीत की रिसीव्हर कानाला याच्या, आणि ऐकू आम्हा सगळ्यांना. अस्सल अहिराणी. "कसं काय भाऊ, बठ्ठं बरं शे ना?" म्हणजे, सगळं बरं आहे ना. बायको वारलेली, मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत. तोही आपला एकटाच. ही दोघं कधी भेटली नव्हती. "या ना भाऊ एकदा धुळ्याले." "येतो भाऊ, तुम्हीच या." वर्षानुवर्षं हेच. मी चिडवायची, "अहो, सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला धुळ्यात. विलायतेला जायचंय का?" तो हसायचा आणि आत जायचा.

पहिली टेप आली तेव्हा छापून काय आलं म्हणाल, तर नुसता कचरा. टिंबं, फुल्या, डॉलरची चिन्हं. देवरे साहेब म्हणाले, धुळ्यानं रिकामी टेप पाठवली. आधारभाऊ म्हणाला, रिकामी नाही साहेब, भाषा वेगळी आहे. आमच्या मशीनला 'ए' अक्षर म्हणजे एक आकडा, धुळ्याच्या मशीनला भलताच आकडा. ते 'ए' म्हणून पाठवायचे, आमचं मशीन त्याला दुसरंच काही समजायचं. मग फोनवर दोघं बसले. एकेक अक्षर. तुमचं 'बी' काय, आमचं 'बी' काय. साहेब समोर पेपर वाचतायत आणि हा उभ्या उभ्या अक्षरं लिहून घेतोय.

ते जुळलं, तर नवीनच. गावांची नावं आता सरळ यायला लागली, पण मशीन शेवटाला थांबेचना. टेप संपली तरी पुढे वाचायला जायचं, अडकायचं. आपल्या मशीनला सांगून ठेवलेलं असतं, की 'एंड' असा शब्द आला की थांब. आधारभाऊनं शेवटची ओळ छापून बघितली. तिथे 'एंड' नव्हतंच. रोमन अक्षरांत लिहिलेलं होतं, 'बठ्ठा'.

फोन लावला. गुलाबभाऊ म्हणाला, "मंग? सगळं झालं की आपण काय म्हणतस? बठ्ठं. एंड कोण म्हणस आपलामा?"

त्या दिवशी आधारभाऊ इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पुण्याचा, मुंबईचा कोणी असता तर धुळ्याला कडक पत्र गेलं असतं. हा म्हणाला, "राहू द्या भाऊ, चांगलं आहे. मीच सरकतो." आणि आमच्या मशीनला शिकवलं, की 'बठ्ठा' आलं की थांबायचं.

सरकणं हा या दोघांचा शब्द. बाकावर कोणी आलं की आपण सरकून जागा देतो ना, तसं. टेपवर एका वेळी किती ओळींचा गठ्ठा लिहायचा, यावरून दोन मशीनचं पटेना, तेव्हा गुलाबभाऊ म्हणाला, "तुमी थांबा, मी सरकी लेस." पुढच्या वेळी हा सरकायचा. कधी कधी तर यावरूनच वाद. "नाही भाऊ, मागच्या वेळी तुम्ही सरकलात." "आवो, मी सरकस ना." देवरे साहेब पेपरमागून म्हणायचे, "कोणीतरी एक सरका रे, मला फोन पाहिजे."

पाच-सहा वर्षं अशी बरी गेली. मग टेपा बिघडायला लागल्या. आधी एखादं गाव गाळलं जायचं, मग पाच-दहा, मग निम्मा शिरपूर तालुका. टेप पुसली, मशीनमधलं टेप वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं, काही उपयोग नाही. आधारभाऊनं मला एकदा समजावून सांगितलं. टेपवर नऊ पट्ट्या शेजारी शेजारी असतात, रस्त्यावरून नऊ बैलगाड्या जोडीनं चालाव्यात तशा. मशीनचं हेड सगळ्यांना एकदमच बघतं. धुळ्याचं हेड झिजून जरासं कललं होतं. तिथे लिहिलेलं तिथे नीट वाचलं जायचं, कारण लिहिणारं आणि वाचणारं हेड एकच. आमचं हेड सरळ, त्यामुळे इथे काही गाड्या आधी पोचायच्या, काही मागे राहायच्या, आणि अक्षरांची खिचडी. कॅसेटमधलं गाणं घोगरं यायला लागलं की आपण बारीक स्क्रू फिरवत नव्हतो का, तेच दुखणं.

"मग फिरवा की स्क्रू," मी म्हटलं.

"हात लावायचा नाही अक्का. कंपनीचा लाल ठिपका असतो त्यावर. ठिपका तुटला तर नोकरी."

आणि कंपनी मशीन विसरून गेली होती. इंजिनिअर बोलवा म्हणून पत्रं गेली, उत्तर नाही.

एकोणनव्वद सालच्या पावसाळ्यानंतर पुण्याहून कळलं, की मोठे साहेब येणार. धुळ्याहून नवी टेप मागवायची आणि त्यांच्यासमोर जळगावला वाचायची. वाचली तर ठीक. नाही तर धुळ्याचं केंद्र बंद, तिथले सगळे आकडे इथे आणून आम्ही बायांनी टाइप करायचे, आणि गुलाब अहिरेला कामावरून कमी करायचं.

देवरे साहेबांनी हे वाचून दाखवलं तेव्हा मी काचेकडे बघितलं. आधारभाऊ दाराशी उभा राहून ऐकत होता. धुळं बंद झालं तर ऑफिसचं काही अडणार नव्हतं, आमच्या बोटांना थोडी कळ लागली असती एवढंच. पण याचं काय? आई गेलेली, घर रिकामं, डबा एकट्याचा. जगात एकच माणूस होता जो रोज याला "बठ्ठं बरं शे ना" विचारायचा, आणि तो त्या टेपेच्या दुसऱ्या टोकाला होता. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या आठवड्यात गुलाबभाऊचा फोन आला. देवरे साहेब टेबलाशी, त्यामुळे बोलणं आखडतं. पण गुलाबभाऊचा आवाज थोडाच आखडतो. मी माझ्या जागेवरून ऐकलं. "तुमी काहीच नका करा भाऊ. मी शे ना."

आणि आधारभाऊ म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका भाऊ. मी आहे ना."

बस्स, एवढंच. दोघांनी एकमेकांना धीर दिला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आधारभाऊ जरा खुशीत दिसला. दुपारी आम्ही जेवत असताना तो आत मशीनचं झाकण काढून बसलेला. संध्याकाळी धुळ्याच्या जुन्या टेपा एकामागून एक लावत होता, ज्या महिनाभरापूर्वी अर्ध्यात अडकल्या होत्या त्याच. सगळ्या सरसर वाचल्या जात होत्या. शिरपूर आलं, साक्री आलं, एक गाव गळलं नाही. बाहेर येऊन माझ्या टेबलाशी थांबला. "अक्का, जमलं." स्वेटरच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दिसत होतं, ते मी आत ढकललं आणि म्हटलं, "हे घरी ठेवून येत जा."

पुण्याचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता हो, सरळ होता. चहा घेतला, आम्हा बायांची चौकशी केली. सकाळच्या एसटीनं आलेली धुळ्याची टेप आधारभाऊनं स्वतःच्या हातानं लावली. मी आयुष्यात पहिल्यांदा चप्पल काढून त्या थंड खोलीत गेले, बघायला म्हणून. चाकं फिरली. दोन-चार गावं आली आणि मशीन अडकलं. मागे घेतलं, पुन्हा अडकलं. जसं आधी अडकायचं, तसंच. तितकंच.

आधारभाऊचा चेहरा मला अजून दिसतो. त्याचा हात स्वेटरच्या खिशाशी गेला आणि तिथेच थांबला. स्क्रू-ड्रायव्हर होता खिशात. ऐकतो कुठे माझं. पण साहेबांच्या पुढ्यात झाकण उघडणार कसं?

साहेबांनी विचारलं, "मशीनमध्ये काही बदल केलाय का?"

"नाही साहेब."

मग त्यांनी स्वतः धुळ्याला फोन लावला. "अहिरे, तुमच्याकडे काही बदल केलाय का?"

"नही साहेब," खणखणीत आवाज आला.

साहेबांनी खांदे उडवले. मग काय. टेप त्यांनी पुण्याला दाखवायला म्हणून बरोबर नेली, तिथे ती कोणी लावून बघितली असेल असं वाटत नाही.

ते गेल्यावर आधारभाऊनं स्क्रू होता तिथे परत आणला, आधी आखून ठेवलेल्या रेघेला रेघ जुळवून. आमच्या स्वतःच्या टेपा वाचायच्या होत्या ना. धुळ्याची कुठलीच टेप त्यानंतर लावली नाही. लावायची कशाला, केंद्रच गेलं.

गुलाबभाऊचा शेवटचा फोन आला तो मला नीट आठवतो. आधारभाऊ म्हणत होता, "नाही भाऊ, तुमचं नाही. माझंच चुकलं." आणि तिकडून, "आवो, मनंच चुकनं भाऊ, तुमनं काय." पुन्हा हा, "माझंच." देवरे साहेबांनी पेपर खाली ठेवला आणि उठून बाहेर गेले. समजूतदारपणाच तो, पण फार उशिरा सुचला. काय चुकलं, ते दोघांपैकी एकानंही सांगितलं नाही. आमच्या इकडची खोडच ही. कोणासाठी काही केलं तर ते बोलून दाखवायचं नाही, कमीपणा वाटतो. आणि करून फसलं तर मग मरेपर्यंत नाही बोलायचं. मला असा राग येतो. मी तर कोणाला वाटीभर आमटी दिली तरी चारदा सांगते.

गुलाबभाऊ मुलाकडे सुरतेला गेला. सुरतेत कुठे, ते याला विचारायचं सुचलं नाही आणि त्याला सांगायचं. आधारभाऊ पुन्हा काचेमागे. देवरे साहेबांचा फोन वाजला की दार थोडं ढकलायचा, "बिऱ्हाडे" म्हणून हाक येत नाही असं बघून पुन्हा ओढून घ्यायचा. मी हे रोज बघायची. टाइप करताना माझी बोटं चुकायची.

धुळ्याचं सगळं काम आमच्यावर आलं. महिनाभर मी शिरपूर, साक्री, नंदुरबार (तेव्हा तेही धुळ्यातच) बडवत बसले. त्यानंतर एक दिवस टेम्पोतून धुळ्याचं मशीन आलं, इथून लिलावात काढायला. सोबत टेपांच्या पेट्या. ते आमच्या व्हरांड्यात उतरवलं आणि आधारभाऊ बाहेर आला. मशीनभोवती नुसता फिरला, वरची धूळ स्वेटरच्या बाहीनं पुसली. ज्या मशीनशी इतकी वर्षं बोलला ते पहिल्यांदा बघत होता. मग खाली बसून त्यानं झाकण काढलं.

बराच वेळ तो उठला नाही म्हणून मी गेले. "काय झालं?"

त्यानं बोटानं दाखवलं. हेडचा स्क्रू. त्यावरचा लाल ठिपका मधोमध तुटलेला.

"त्यानंही फिरवलं अक्का," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

मला आधी उमगलंच नाही. मग त्यानं हाताचे दोन तळवे समोर धरून दाखवलं. गुलाबभाऊचं कललेलं होतं, याचं सरळ. यानं स्वतःचं हेड कलतं करून घेतलं, गुलाबभाऊसारखं. आणि त्याच दिवसांत तिकडे गुलाबभाऊनं आपलं सरळ करून घेतलं, याच्यासारखं. यानं धुळ्याच्या जुन्या टेपा लावून बघितल्या, वाचल्या. त्यानंही आमच्या टेपा लावून बघितल्या असतील, वाचल्या असतील. दोघंही खूश. अरुंद गल्लीत दोन सायकलवाले समोरासमोर येतात आणि दोघंही एकाच बाजूला वाट देतात, तसं झालं. दोघंही सरकले आणि अंतर होतं तेवढंच राहिलं.

तो उठला, पेट्यांमध्ये शोधलं. साहेबांसमोरच्या टेपेची गुलाबभाऊनं स्वतःजवळ ठेवलेली नक्कल त्यात होती, तारखेची चिठ्ठी लावलेली. ती घेऊन आत गेला. मीही गेले. त्यानं ती आमच्या मशीनवर लावली. स्क्रूला हात न लावता, मशीन जसं मुळात होतं तसं.

चाकं फिरली. शिरपूर आलं. साक्री आलं. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव. एकही गाव गळलं नाही. मशीन एकदाही अडकलं नाही. कागद छापून घडी पडत पडत खाली जात होता आणि आधारभाऊ त्याच्याकडे न बघता टेपेकडे बघत उभा होता. शेवटी 'बठ्ठा' छापलं गेलं आणि मशीन थांबलं.

मी खाली पडलेला कागद उचलून त्याच्या हातात दिला.

"भाऊ, सुरतेची पॅसेंजर रोज जाते," मी म्हटलं. "उद्या बसा. शोधू गुलाबभाऊला. मी सोबत येते."

त्यानं ते ऐकलंच नसावं. कागदाची शेवटची ओळ हातात धरून तो म्हणाला, "अक्का, त्यानं सांगितलं होतं मला. काहीच करू नका म्हणून."

"हो, ऐकलं होतं मी."

"मला वाटलं, धीर देतोय."